आकारामबापूंची मधली खुर्ची

आकारामबापू चौगले यांनी आयुष्यभर लोकांना बसवलं. शहर बसमध्ये ते कंडक्टर होते. गच्च भरलेल्या गाडीत खांद्याला चामडी पिशवी अडकवून ते असे उभे राहायचे, की हा त्यांच्याच घरच्या लग्नाचा मांडव आहे आणि आलेल्या प्रत्येकाची सोय लावणं त्यांच्या अंगावर आहे, असं वाटावं. "पोरी, दप्तर मांडीवर घे, म्हंजे मावशी बसंल." "पावणं, खिडकीकडं सरका की जरा, आख्खा बाक काय आंदण घेतलाय व्हय?" कंडक्टरला दाराजवळ स्वतःची सीट असते. तिच्यावर बापू बसलेले मी कधी पाहिले नाहीत. तिथे एखादी बाळंतीण असायची, नाहीतर पाटीत कोंबड्या घेतलेली आजी. मी वर्षानुवर्षं त्याच गाडीने शाळेत शिकवायला जात होते, म्हणून हे खात्रीने सांगते.

मंगळवार पेठेत त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे. मधे एकच भिंत. त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी कसली पडली हे मला नाकाने कळतं आणि कोण आलं हे कानाने.

बापूंना सिनेमाचा फार नाद, पण त्यांनी सिनेमे पाहिले फार थोडे. संध्याकाळचा खेळ सुटायचा तेव्हा ते ड्युटीवर असत. थिएटरबाहेरच्या थांब्यावर माणसं गाडीत चढायची ती भांडतच, नायकाने असं का केलं आणि तिने तसं का केलं. तिकिटं फाडता फाडता बापूंनी सगळे सिनेमे प्रवाशांच्या तोंडून ऐकले. एखाद्याची कथा अर्ध्यावर असताना त्याचा थांबा आला, तर बापू त्याला पुढच्या थांब्यावर उतरवायचे. निवृत्त झाले त्या दिवशी मला म्हणाले, "बाई, आता निवांत बसून एक पिच्चर पुरता ऐकायचा. बघितलं न्हाय तरी चालंल, पर ऐकायचा."

घरात मोठा टीव्ही होता. मुलगा राजवीर पुण्याला नोकरीला गेला तेव्हा दोन उंच स्पीकर मागे ठेवून गेला होता. तानाबाईंनी, म्हणजे बापूंच्या मंडळींनी, त्यांच्यावर विणलेले रुमाल घालून प्लॅस्टिकच्या फुलांच्या कुंड्या ठेवल्या होत्या. त्यातल्या एका स्पीकरची वायर उंदराने कुरतडली म्हणून बापू ती घेऊन रफिकच्या दुकानात गेले, आणि तिथे घोटाळा झाला.

रफिकचं दुकान म्हणजे भोंग्यांचं जंगल. त्याने बापूंना मधे स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "बापू, वायरीचं ऱ्हाऊ द्या. हे ऐका जरा." त्याने कळ दाबली. समोरच्या पडद्यावर एक मोटरसायकल सुरू झाली, डावीकडून निघाली आणि बापूंच्या पाठीमागून घोंघावत उजवीकडे गेली. बापू ताडकन उठले आणि तिला वाट देऊन बाजूला उभे राहिले.

घरी येऊन त्यांनी तानाबाईंना सांगितलं, ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. "अगं, पाठीमागनं गेली! वारं लागलं मला!"

"मोटरसायकलचं वारं लागायचं असलं तर गल्लीत हुबं ऱ्हावा की," तानाबाई म्हणाल्या. "त्यासाठनं भोंगं कशाला?"

पण भोंगे आले. जुने दोन उंच पुढे तसेच ठेवायचे, त्यांच्या मधे टीव्हीखाली एक आडवा, मागच्या भिंतीवर दोन लहान, आणि ढगांच्या गडगडाटासाठी एक काळा ठोकळ्यासारखा डबा, अशी रफिकची योजना होती. मागचा उजवा नेमका देव्हाऱ्यावर येत होता. तानाबाई आडव्या आल्या. "देवाच्या डोस्क्यावर भोंगा बसवू देनार न्हाय मी."

"काकी, जरा अलीकडं घेतो," रफिक म्हणाला. "म्हंजे देवाला बी एका कानानं ऐकू येतंय."

मग त्याने प्रत्येक भोंग्यापासून सुतळी धरून मधली जागा काढली, तिथे हात असलेली एक वेताची खुर्ची ठेवली आणि तिच्या चारी पायांभोवती खडूने गोल काढले. खडू माझ्याकडून गेला होता. निवृत्त शिक्षकाच्या घरात दुसरं काही नसलं तरी खडू असतो.

"ही खुर्ची हितनं हलवायची न्हाय, बापू," रफिकने बजावलं. "हितं बसला तर पाची भोंगं सारखं ऐकू येत्यात. जरा कडंला गेला की जवळचा भोंगा बाकीच्यास्नी बोलूच देत न्हाय बगा. आमच्या अफसानाच्या माहेरच्या मानसांवानी."

अफसाना ही त्याची बायको. ती तिथे नव्हती म्हणून तो हे बोलला.

त्याने एक सिनेमा पेनड्राइव्हमध्ये भरून आणला होता. ओसाड माळावरचा बंगला, वादळी रात्र, चोर आणि एक कुत्रं, असा काहीतरी. "ह्येच्यात आवाज लई भारी हाय," असं सांगून तो गेला. बापूंनी हातपाय धुतले, स्वच्छ शर्ट घातला, खुर्चीच्या वेताला एकदा हात लावला आणि बसणार तोच दारात चपला वाजल्या. उचगावचे व्याही आले होते. राजवीरचे सासरे.

आता बापूंच्या घरचा एक जुना प्रसंग सांगायला हवा. त्यांच्या आत्याच्या यजमानांना घरच्याच एका लग्नाच्या पंगतीत कडेला बसवलं गेलं, जिथे चपलांचा ढीग होता तिथे. वाढपी तिथवर येईपर्यंत मठ्ठा संपला. त्यानंतर दोन्ही घरांनी एका पिढीभर एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. बापू तेव्हा लहान होते, आणि पावण्याला कडेला बसवलं की घर फुटतं, एवढं एक ज्ञान त्यांच्या मनात पक्कं झालं. त्यांच्या घरात पावण्याने मधेच बसायचं.

"या, या, पावणं! हितं बसा. मधी."

व्याही मधे बसले. बापू स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर टेकले. त्यांच्या कानावर बरोबर मागचा डावा भोंगा होता. सिनेमा सुरू झाला आणि व्याही झोपी गेले. ते छान घोरत होते. मधल्या खुर्चीत घोरणारा माणूस म्हणजे सहावा भोंगा, असं रफिक नंतर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय बापू, कसा वाटला सिनेमा?"

"बाई, काय सांगू? मला आख्ख्या पिच्चरमधी एक कुत्रं, एक करकरतं दार आनि पागोळ्यांचं पानी येवढंच ऐकू आलं. कुत्रं सारखं भुंकतंय. कशाला भुंकतंय ते कुनी सांगंना."

"मग पुन्हा लावा की आज."

"लावतो की. आज कुनी येनार न्हाय."

त्या दिवशी मीच गेले. मला चहाला बोलावलं होतं, पण गेल्यावर बापूंनी मला थेट खुर्चीत बसवलं. मी म्हणाले, "अहो, मी शेजारची. मी कसली पाहुणी?" तर म्हणाले, "शेजारचं मानूस दारातनं आत आलं की पावणंच की." मी बसले. खरंच सांगते, पाऊस माझ्या अंगावरून गेला. बापू उजव्या उंच भोंग्यापाशी भिंतीला टेकून उभे होते. त्यांना त्या दिवशी एक गाडी आली एवढंच ऐकू आलं.

असं ते चालू झालं. मामा, साडू, जुने ड्रायव्हर, राजवीरचे मित्र, गॅसचा पाइप तपासायला आलेला माणूस. गॅसवाल्याने पाच मिनिटं पाहून "मला अजून दहा घरं करायची हाईत" म्हणत सुटका करून घेतली. आणि बापू प्रत्येक वेळी तोच सिनेमा लावत. "आदी ह्यो एक पुरता ऐकू दे. मग दुसरा," हा त्यांचा हट्ट. एकेका जागी बसून त्यांना एकेक भोंगा तोंडपाठ झाला. मागचा डावा म्हणजे कुत्रं. पुढचा उजवा म्हणजे गाडी. मधला आडवा म्हणजे बोलणं, पण ते ऐकायला टीव्हीखाली बसावं लागे आणि मग पडदा दिसत नसे. सगळं मिळून काय होतं ते मात्र कळत नव्हतं.

तानाबाई वैतागायच्या. "अवो, बसा की तुमीच एकदा! पावणं काय म्हननार हाईत?"

"पावण्याला कडंला बसवून मी मधी बसू व्हय? मानसं थुकतील तोंडावर."

"मग विकून टाका ते."

"एकदा. फकस्त एकदा पुरता ऐकतो, मग काय बी कर त्येचं." हे सांगताना त्यांचा आवाज असा व्हायचा, की तानाबाई उठून आत चहा टाकायला जात. गाडीत सगळ्यांना जागा करून देताना ज्या माणसाने कधी हूं की चूं केलं नाही, त्याने साठी उलटल्यावर मागितली ती एक खुर्ची, तीही त्याच्याच घरातली.

त्यात अंबूबाईंची भर पडली. अंबूबाई गल्लीच्या टोकाला राहतात. वयाने सगळ्यांच्या पुढे, आवाजाने त्याहून पुढे. त्यांना खुर्ची चालत नाही, पाय लोंबतात म्हणतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तानाबाईंनी टॉवेल घातलेला तो काळा डबा बसकं स्टूल समजून त्याच्यावर बसल्या. कुणी काही म्हणायच्या आत सिनेमात वादळ सुटलं. डबा घुमायला लागला. अंबूबाई पदर तोंडात धरून ताठ बसून राहिल्या. आम्हाला वाटलं, आता ह्यांना दवाखान्यात न्यावं लागणार. वादळ ओसरलं तेव्हा त्यांनी पदर सोडला.

"अगं तानाबाई, ह्या पेटीत काय हाय गं? कंबर मोकळी झाली की माजी!"

त्या दिवसापासून अंबूबाई रोज. "आकाराम, वादळाचं लाव रं," म्हणत त्या डब्यावर बसायच्या. वादळ झालं की "परत लाव." सिनेमा त्यांना इतका पाठ झाला, की नवा पाहुणा मधे बसला रे बसला की त्या पहिल्याच दृश्याला बोट दाखवून सांगायच्या, "त्यो ड्रायव्हर हाय न्हवं, त्योच चोर हाय बगा." पाहुणा हिरमुसायचा. बापू म्हणायचे, "अवो अंबूबाई, सांगायचं नसतंय की वं." त्यावर त्या म्हणायच्या, "बिचाऱ्या मानसाला उगं घोर कशाला लावायचा?"

शेवटी एक दिवस बापूंनी बेत आखला. तानाबाई मंडईला जाताना पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालणार, बापू परसदाराने आत येऊन बसणार. घर बंद दिसलं की कोण येतंय? किल्ली तानाबाईंनी माझ्याकडे ठेवली आणि दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, आज त्येंना बसू द्या. कुनी बी आलं तरी किल्ली देऊ नका." मी मान डोलावली. एवढा महत्त्वाचा ऐवज माझ्याकडे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांनंतर पहिल्यांदाच आला होता.

दुपारची वेळ. अंबूबाई आपल्या दारात पापड लाटत होत्या. गल्ली शांत. आणि त्या शांततेत कुत्रं भुंकलं. मागचा डावा भोंगा गल्लीकडच्या खिडकीजवळ आहे, हे बापू विसरले होते. मग दार करकरलं. मग एक बाई किंचाळली. मी खिडकीतून पाहिलं तर अंबूबाई लाटणं हातात घेऊन कुलपासमोर उभ्या.

"बाई! अवो बाई! भाईर या!"

"काय झालं, अंबूबाई?"

"घराला भाईरनं कुलूप, आनि आत पिच्चर चालू हाय! वळकीचं कुत्रं हाय ते!"

"टीव्ही तसाच चालू राहिला असेल," मी म्हणाले.

"कसा ऱ्हाईल? आत्ता सुरू झालाय. सुरवातीचं कुत्रं हाय." त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे तो फक्त तीन घरांपर्यंत गेला. "चोर शिरलाय आत. आनि बगा हिंमत मेल्याची! चोरी सोडून पिच्चर बघत बसलाय, त्यो बी मधल्या खुर्चीत!"

तोवर माणसं जमली. कुणी काठी आणली, कुणी क्रिकेटची बॅट. बंद घरात बसून चोरांचा सिनेमा पाहणारा चोर ही कल्पना लोकांना फार आवडली. एक जण म्हणाला, "शिकायला बघत आसंल." दुसरा म्हणाला, "परसदार बगा, परसदार!" पण परसदार आतून लावलेलं. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण चौगल्यांची किल्ली माझ्याकडे असते हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे.

मी सांगून पाहिलं. "आत चोर नाही, मी खात्रीने सांगते." पण खात्री कशाची ते सांगता येईना, आणि बॅटवाला तर खिडकीची काच फोडायच्या तयारीत होता. काचेपेक्षा कुलूप बरं, म्हणून मी किल्ली दिली.

दार उघडलं. बापू मधल्या खुर्चीत होते. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, डोळे मिटलेले, पायांत घरातल्या स्लिपर. इतका सुखी माणूस मी क्वचित पाहिला आहे. अंबूबाईंनी उगारलेलं लाटणं तसंच वर राहिलं. बापूंनी डोळे उघडले, दारातली गर्दी पाहिली, आणि कुणी एक शब्द बोलायच्या आत ते उठून उभे राहिले होते.

"या, या! भाईर का हुबं? या की आत. बसा, बसा. चला, पुढं सरका जरा, मागच्यास्नी येऊ द्या. अंबूबाई, लाटणं ठेवा खाली आनि मधी बसा तुमी."

"मी माज्या पेटीवर बसते," अंबूबाई म्हणाल्या.

मग खुर्चीत बॅटवाला बसला. बापू उंबऱ्यात उभे राहिले. तानाबाई मंडईतून पिशव्या घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या घरात आख्खी गल्ली सिनेमा पाहत होती आणि बापू मोठ्या पातेल्यात चहाचं आधण ठेवत होते.

तानाबाई चिडल्या की भांडत नाहीत, भाजी निवडायला बसतात. मी कपबशा विसळायला थांबले होते. त्यांनी मेथीची एक जुडी निवडून संपवली. मग मान वर न करता म्हणाल्या, "विजयसिंहचा फोन आलता. धोंड्याचं बोलावणं हाय."

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. अधिक महिन्यात जावयाला बोलावून, पाटावर बसवून, धोंड्याचं जेवण आणि अनारशांचं ताट द्यायचं, ही आपल्याकडची रीत. तानाबाईंचं माहेर कुरुंदवाडचं. तिथे त्यांची आई शालूबाई आणि भाऊ विजयसिंह. आणि बापू सासुरवाडीला जायला टाळत. कारण साधं होतं. तिथे त्यांना बसवून घेतलं जायचं. म्हातारी सासू उभी, मेहुणा उभा, आणि आपण एकटे मधे बसलोय, हे बापूंना सोसायचं नाही. ते उभ्या उभ्या चहा प्यायचे आणि "ड्युटी हाय" म्हणून निघायचे. निवृत्त झाल्यावरही एकदा त्यांनी तेच कारण सांगितलं होतं. तानाबाई मात्र लग्नापासून वाट पाहत होत्या, की हा माणूस एकदा तरी माझ्या आईच्या घरात टेकेल.

"बघू की," बापू नेहमीप्रमाणे म्हणाले. "सवड झाली तर..."

तानाबाईंनी मेथीची काडी खाली टाकली. "अवो, ऐकता का? ह्या गल्लीत समदी तुमची पावणं. उचगावची पावणं, शिरोळची पावणं, गॅसवाला बी पावणाच. जगात तुमी सवता पावणं असनार, असं घर एकच हाय. आनि थितं तुमी बसत न्हाईसा."

बापूंनी विसळलेलं पातेलं पालथं घातलं. मग त्यांनी बॅटवाला गेल्यावर रिकाम्या झालेल्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाले, "रफिकला बोलवून घेतो."

विजयसिंह आपल्या पिकअपमधून भाजी घेऊन कोल्हापूरला येतो. कुरुंदवाडच्या परतीच्या गाडीत भोंगे चढले. पिकअपमधल्या रिकाम्या क्रेटांवर विणलेल्या रुमालांसकट दोन उंच स्पीकर, मधे वेताची खुर्ची, आणि पुढे रफिक वायरींचं भेंडोळं मांडीवर घेऊन. काळा डबा मात्र गेला नाही. तो उचलायला गेले तर अंबूबाई त्याच्यावर बसलेल्या.

"ह्यो न्हाय न्यायचा," त्या म्हणाल्या.

रफिक म्हणाला, "आजी, ह्येच्याशिवाय ढग वाजनार न्हाईत."

"सरावनात ढग वाजत न्हाईत. खाली ठेव."

बापू म्हणाले, "ऱ्हाऊ दे, रफिक. मला कुत्र्याचं कळलं म्हंजे झालं." रफिकने डबा थेट टीव्हीला जोडून दिला. आता मालिकेतली सासू संतापली की अंबूबाई घुमतात.

कुरुंदवाडला मी नव्हते. पुढचं तानाबाईंनी सांगितलं, आणि सांगताना इतक्या हसल्या, की काही भाग मला दोनदा विचारावा लागला.

सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर खुर्ची मांडली. रफिकने पुन्हा सुतळीने मधली जागा काढली. खडूऐवजी शालूबाईंनी खुर्चीच्या पायांभोवती रांगोळीच काढली, जावयाचं आसन म्हणून. बापूंना ओवाळलं, अनारशांचं ताट हातात दिलं, जेवण झालं आणि संध्याकाळी सिनेमा लागला. बापू बसले. लगेच उठले, कारण शालूबाई दाराशी उभ्या होत्या.

"आत्ती, तुमी बसा हितं."

"बया बया! जावयाच्या खुर्चीत?" म्हातारीने पदर पुढे ओढला. "मी आत बसते. दारातनं ऐकते."

बापू बसले. शेजारचे कोणी आत आले. बापू पुन्हा उठले. विजयसिंहने त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्यांना खाली दाबलं. "दाजी, बसा! हितं कंडक्टर मी हाय. मानसं मी बसवतो." आणि आलेल्या माणसाला म्हणाला, "पावणं हाईत, तुमी कडंला बसा."

आलेला माणूस मुकाट कडेला बसला आणि त्याने रागही धरला नाही. बापू त्याच्याकडे बराच वेळ पाहत होते, तानाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी डोळे मिटले. डावीकडून मागे कुत्रं भुंकलं, ओळखीचं. पण या वेळी त्याच्या आधी समोर उजवीकडे गाडी थांबल्याचा आवाज आला होता, दिवे बंद केलेली गाडी; कुलपाच्या दिवशी परसदाराची कडी लावण्यात बापूंचा नेमका हाच आवाज हुकला होता. मग मधून कुणीतरी कुजबुजलं. मग कुत्रं. मग दार करकरलं.

"आगं!" बापू मोठ्यांदा म्हणाले. "गाडी बगून भुंकतंय व्हय ते!" आणि त्यांनी तानाबाईंचा हात धरला, सासूच्या देखत. तानाबाई हे सांगताना अजून लाजतात.

सगळं असंच जुळत गेलं. पागोळ्यांचं पाणी कुठल्या छपरावरून पडतंय ते कळलं, किंचाळणारी बाई कोण ते कळलं. सिनेमा अखेरीला आला, चोर पकडला जाणार, आणि लाइट गेली. पडदा काळा झाला, भोंगे बंद पडले. घरामागे उसाला पाणी लागलेलं, तिथले बेडूक तेवढे ऐकू येऊ लागले.

बापूंचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी एक बोट वर केलं. "मागचं बगा," ते म्हणाले. "बेडूक बगा कसं काढल्यात! आक्षी खरं!"

विजयसिंह बोलायला गेला तर शालूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. जावयाला उठवायचं नाही. काळोखात सगळे गप्प बसून राहिले, रफिकसुद्धा. बापू बेडूक ऐकत होते, मग त्यांची मान खाली गेली. लाइट आली तेव्हा सासूबाईंनी सिनेमा पुन्हा लावू दिला नाही. जावई झोपलाय म्हणाल्या.

भोंगे तिथेच राहिले. शेवट बघायचा राहिला म्हणून पुढच्या शनिवारी बापूंनीच पिशवी भरली. त्याच्या पुढच्याही. आता ते दर पंधरवड्याला कुरुंदवाडला जातात, मुक्कामाला. तानाबाईच कधीकधी म्हणतात, "ह्या खेपेला ऱ्हाऊ द्या की, घरात कामं पडल्यात." म्हणतात, पण पिशवीत आईची औषधं आधीच घातलेली असतात.

परवा मी चहाला गेले होते. विजयसिंहने कुरुंदवाडला त्यांच्यासाठी नवी खुर्ची घेतली म्हणून वेताची खुर्ची परत आली आहे आणि खोलीच्या मधोमध, खडूच्या पुसट गोलांतच ठेवली आहे. समोर टीव्ही मुका. अंबूबाई डब्यावर. अर्थात मला खुर्चीत बसावं लागलं.

"काय बापू, सिनेमाचा शेवट पाहिला का शेवटी?"

"न्हाय, बाई. एकदा लाइट जाते, एकदा झोप लागते." ते हसले. "आनि शेवट काय, ठावं हाय की. अंबूबाईनं कवाच सांगितलाय."

"ड्रायव्हर चोर हाय," अंबूबाईंनी दुजोरा दिला.

"मग आता जाता कशाला एवढं?"

बापूंनी कपाचा कान फिरवत विचार केला. "बाई, थितं बसलं की कुनी उठवत न्हाय," ते म्हणाले. "मी सुदिक न्हाय उठत. पयल्यांदा उठायचो, आता..."

दारात चपला वाजल्या. मी पाहायच्या आत ते उभे होते.

"या, या, पावणं! बाई, जरा सरकतासा?"